महारुद्रचं मिश्रण

महारुद्र फवारणीवाल्याच्या मिश्रणाबद्दल चुडावा स्टेशनाच्या आसपास जे बोललं जातं, त्यातलं अर्धं खरं धरलं तरी माणूस रानात पाय ठेवायला घाबरेल. एका साली म्हणे त्यानं योगीराजच्या पऱ्हाटीवर असा काही पंप मारला, की बोंडं वेचायला बायकांना शिडी लावावी लागली. शेंड्याचा कापूस तर कुणाच्या हातीच आला नाही. तो वाऱ्यावर सुटला आणि स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यात आपणहून जाऊन बसला. त्याच मिश्रणाचा रिकामा डबा एका शेळीनं चाटला. ती स्टेशनच्या पत्र्यावर चढली, तिथून पॅसेंजरच्या टपावर, आणि मालकानं तिला पूर्णेहून परत आणली तेव्हा तिच्याकडं तिकीट नव्हतं म्हणून मास्तरांशी हुज्जत झाली ती वेगळीच. हे सगळं लोक सांगतात. लोक म्हणजे बहुतेक वेळा महारुद्र स्वतः.

खरं एवढंच, की लोकांच्या रानात फवारणी करणारा त्याच्यासारखा हुशार गडी जवळपास दुसरा नव्हता. अळीचं औषध, बुरशीचं औषध, टॉनिक, पाण्यात विरघळणारं खत, वरून पानाला चिकटून राहायचं चिकट, असं सगळं तो एकाच टाकीत कालवायचा. मापाला बाटलीचं झाकण. काडीनं ढवळायचा, वास घ्यायचा आणि पंप पाठीवर टाकायचा. त्याचा एक नियम होता. "रान एकदाच तुडवायचं. एका पाण्यात समदं गेलं पाहिजे. दुसरी फेरी मारायला मी काय राखण्या हाय?"

पाऊसकाळ असा पाठीवर पंप घेऊन जायचा आणि दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको चतुराबाई ऊसतोडीच्या टोळीत जायचे. कोयता म्हणजे तिथं नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर न्यायची. अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नसते. आणि यंदा चतुराबाईची कंबर गेली होती. बसली की उठताना भिंत धरायची.

कोयत्याचा दुसरा अर्धा भाग कोण होणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं. पण घरात मोठी पोरगी एकच होती, शिवकन्या. ती पोलीस भरतीसाठी पळत होती. गेल्या भरतीत पेपर येत असूनही ती मैदानात, म्हणजे पळण्यात, मागं पडली होती. यंदाचं मैदान दिवाळीनंतर होतं आणि ऊसतोडीची टोळी न्यायला मुकादमाची गाडीही दिवाळीनंतरच येणार होती. मैदान निघालं तर अंगावर वर्दी, नाही तर डोक्यावर मोळी. मधला रस्ता नव्हता.

महारुद्रला पळण्यातलं काही कळत नव्हतं. दोन वर्षं ही पोरगी पहाटे रुळाकडेच्या रस्त्यानं स्टेशनापर्यंत पळून यायची, तेव्हा तो कूस बदलून झोपायचा. पण यंदा त्याचं डोकं चालू झालं. त्याला माहीत असलेलं शास्त्र एकच होतं. पिकाची वाढ खुंटली असेल तर त्याला काहीतरी कमी पडतंय, आणि कमी पडतंय ते टाकीत घालायचं असतं.

एके दिवशी तो परभणीला गेला. व्यायामाच्या सामानाच्या एका दुकानात काचेमागं डबेच डबे होते, कीटकनाशकाच्या दुकानासारखेच, फक्त वर अळीच्या जागी दंडवाल्या माणसाचं चित्र. त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"कुणासाठी पाहिजे, काका?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

"पोरीसाठी. वाढ हाय, पर दम भरत न्हाई."

"प्रोटीन देऊ का क्रिएटिन?"

"दोन्ही एका पाण्यात चालतंय का?"

"चालतंय की. ही आणखी एक पावडर हाय, पळायच्या आधी घ्यायची. अंगात करंट येतो."

"पंपाला किती?"

पोरगं त्याच्याकडं बघतच राहिलं.

चॉकलेटच्या वासाच्या पावडरींनी थैला भरून तो घरी आला. बीटाची पावडर, अश्वगंधा, हाडासाठी कॅल्शियमच्या गोळ्या हेही त्यानं वाटेत मिळवलं. घरात एक वस्तू आधीच होती. शिवकन्याच्या अंगात रक्त कमी म्हणून गावच्या आशा सेविका गीताबाईनं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पोरगी त्या विसरते असं त्याला वाटायचं, म्हणून त्यानं पाकीट आपल्या ताब्यात घेतलं. पहाटे उठून त्यानं बाटलीत म्हशीचं दूध घेतलं, त्यात सगळ्या पावडरी झाकणा-झाकणानं घातल्या, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी खलबत्त्यात कुटून घातली, बाटलीचं तोंड बंद करून गदागदा हलवलं आणि सवयीनं वास घेतला.

चतुराबाई भिंत धरून उभी होती. "पोरगी हाय का पऱ्हाटी?"

"तुला काय कळतंय."

"ते झाकण औषधाचं तर न्हाई ना?"

"नवं हाय गं! येडा हाय का मी?"

"चिकट राहिलं की घालायचं," ती म्हणाली. "निदान पोटात तरी चिकटून बसंल."

शिवकन्या पळून यायच्या आधीच तो सायकलवर स्टेशनाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. धुकं होतं. लांबून बुटांचा आवाज आला, मग पोरगी आली, आणि टोकाला आपला बाप बघून थबकलीच.

"आबा? काय झालं? आईला काय झालं का?"

"काय झालं न्हाई. हे घे. अर्धं आता, अर्धं घरी गेल्यावर. आन पळ आता, थांबू नको. पळ!"

तिनं बाटलीतलं तोंडात घेतलं, डोळे मिटले, गिळलं. मग परत फिरून पळत सुटली. महारुद्रला वाटलं, जाताना पाय जरा हलके पडले. पहिल्याच फवारणीत फरक!

त्यानंतर रोज. पाऊस असो, चिखल असो, महारुद्र टोकाला. गावात तर त्यानं सांगायला सुरुवात केली, की परवा पोरगी मालगाडीच्या बरोबरीनं पळत होती आणि गार्डानं हिरवा झेंडा दाखवला तो गाडीला नव्हे, तिला. कुणी हसलं की तो आणखी थोडं वाढवायचा. गार्डाचं नावसुद्धा सांगायचा.

प्रत्यक्षात पोरीला दुपारी पोटात मुरडा यायचा, रात्री झोप लागायची नाही आणि स्टेशनाचा जिना चढताना धाप लागायची. पण ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

श्रावण सरता सरता परभणीला भरतीच्याच मैदानावर तिच्या अकॅडमीनं चाचणी ठेवली. मुलींना आठशे मीटर, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. शिकवणाऱ्या संघप्रिया मॅडम शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. महारुद्रनं त्या दिवशी करंटची पावडर दुप्पट घातली होती. मोठं रान, मोठा डोस.

पहिली फेरी शिवकन्यानं अशी मारली, की बाकीच्या पोरी जागेवर उभ्या आहेत असं वाटावं. महारुद्रच्या छातीत हवा भरली. शेजारच्या माणसाला त्यानं कोपरानं ढोसलं, "माझी हाय ती." दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचे हात थरथरायला लागले. मग ती वाकली, ओकली आणि तिथंच मातीत बसली. ओठ पांढरे.

मॅडम धावत गेल्या. नाडी बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय खाल्लंस सकाळी? काय पिलीस?"

महारुद्र तिथंच होता. रिकामी बाटली त्याच्या हातात होती. शिवकन्यानं एकदाच त्याच्याकडं बघितलं.

"काय न्हाई मॅडम. उपाशीच आले होते."

महारुद्रनं बाटली शर्टाखाली सरकवली. आयुष्यभर खोटं बोलणारा माणूस, पण आपल्यासाठी दुसऱ्यानं बोललेलं खोटं एवढं जड असतं हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

सावलीत बसवून मॅडमनी तिचं रक्त तपासून आणायला लावलं. रक्त होतं तिथंच. तसूभर वाढलं नव्हतं.

"गोळ्या घेतेस ना?"

"रोज."

"रोज घेतेस तर रक्त जातं कुठं मग?" मॅडम म्हणाल्या. मग महारुद्रकडं वळल्या. "काका, मैदानाच्या आधी पुन्हा तपासू. वाढलं नाही तर मी हिला पळू देणार नाही. ट्रॅकवर पडली तर भरती राहू द्या, पोरगी हातची जाईल."

परतीच्या बसमध्ये शिवकन्या खिडकीला डोकं टेकून झोपली. महारुद्र विचार करत होता, आणि त्याचा विचार अजून टाकीतच होता. काय कमी पडलं? बीट वाढवावं का? का कॅल्शियम?

दोन दिवसांनी तो योगीराजच्या रानात गेला. योगीराजकडं जमीन भरपूर आणि धीर कमी. टाकी कालवून झाली होती, तेवढ्यात तो बांधावरून आणखी एक पिशवी घेऊन आला.

"महारुद्र, हे कॅल्शियम बी घाल त्याच्यातच. पातं-कळ्या लय गळायल्यात."

"येडा झालास का योगीराज? टाकीत खत हाय, जस्त हाय, लोह हाय. त्यात कॅल्शियम पडलं की समदं फाटतंय. खाली पांढरा साका बसतोय. ना कॅल्शियम झाडाला, ना लोह. तुला वाटतंय आपण पोटभर घातलं आन झाड तसंच उपा—"

तो थांबला.

"काय झालं?" योगीराज म्हणाला. "विंचू चावला का?"

महारुद्रच्या हातातली काडी टाकीत तशीच राहिली होती. बाटलीच्या तळाशी रोज बसणारा गाळ त्याला आठवला. शेवटी तो बोट घालून खरवडायचा आणि म्हणायचा, हे टाकू नको, यातच जीव हाय.

"मग कॅल्शियम द्यायचं कसं?" योगीराजनं विचारलं.

"मधी दिवस सोडून. येगळं. दुसऱ्या फेरीत."

"पर तू तर दुसरी फेरी मारीत न्हाईस."

महारुद्रनं काडी बाहेर काढून झटकली. त्यानं ते रान पुरं फवारलं, पण त्या दिवशी त्यानं एकही फुशारकीची गोष्ट सांगितली नाही. योगीराजनं रात्री बायकोला सांगितलं, की महारुद्रला नक्की काहीतरी चावलंय.

घरी जाताना तो गीताबाईच्या दारावरून गेला. ती पाणी भरत होती.

"ताई, त्या रक्ताच्या गोळ्या. दुधात चालत्यात का?"

"आवो कशाला दुधात! दूध नको, चहा नको, हाडाची गोळी त्याच वक्ताला नको. मधी चांगला पल्ला ठिवायचा. लिंबू पिळून घ्या म्हणावं. मी पोरीला समदं बजावून सांगितलं होतं की."

"पोरीला सांगितलं होतं?"

"हो तर! दोनदा."

शिवकन्या ओसरीवर बसून बुटाचा उसवलेला तळ शिवत होती. महारुद्र तिच्यासमोर टेकला. बाटली मधे ठेवली.

"तुला ठावं होतं का, मी गोळी ह्याच्यातच कुटून घालायलो?"

ती दाभण ओढत राहिली. "लोखंडाची चव लपती का आबा? चॉकलेट किती बी घाला."

"आन दुधासंगं घ्यायची नसती, हे बी ठावं होतं?"

"होतं."

"मग तोंड उघडायचं न्हाई का? गपचिप कामून पिलीस? पोटात मुरडा, झोप न्हाई, त्या दिवशी मैदानात... शिवे, जीव गेला असता की!"

तिनं बूट खाली ठेवला.

"दोन वर्षं पळायले मी. कुठं जायलीस म्हणून तुमी एकदा तरी इचारलं का? आईनं इचारलं, गल्लीतल्या बायांनी इचारलं, कुत्री भुंकली. तुमी न्हाई. मग ही बाटली आली, आन त्या दिवशी टेशनाच्या टोकाला तुमी उभे. पळ म्हणालात. मला वाटलं, बाटली नको म्हणलं तर उद्यापसून तुमी बी येणार न्हाई."

महारुद्रनं बाटली उचलली, उलटसुलट करून बघितली, जणू काही त्यावर वापरायची पद्धत लिहिलेली असेल.

"मी काय बाटलीसाठी यायचो का तिथं?" तो शेवटी म्हणाला. पण त्याचं त्यालाच खरं वाटेना. तो बाटलीसाठीच जायचा. पोरीला बघायला जावं हे त्याला सुचलंच नव्हतं. ते बाटलीनं सुचवलं होतं.

आतून चतुराबाईचा आवाज आला. "दोघं बी रडून घ्या लवकर. भाकरी थापल्यात, गार व्हायल्यात."

दुसऱ्या दिवशीपासून महारुद्रनं फेऱ्या सुरू केल्या. ज्या माणसानं कुणाच्या रानात दुसरी फेरी मारली नव्हती, तो पोरीच्या मागं दिवसभर फिरायला लागला. पहाटे स्टेशनाच्या टोकाला, हातात साधं पाणी. ऊन वर आल्यावर, ती अभ्यासाला बसली की लोहाची गोळी आणि अर्ध्या लिंबाचं पाणी. तेव्हा तो कुठल्याही रानात असो, पंप बांधावर ठेवून यायचा. शेतकरी वैतागायचे. "औषध वाळायलंय महारुद्र!" "वाळू दे. येतो." चहा तिच्या जवळपास दिसला तर कप उचलून स्वतः पिऊन टाकायचा, त्यामुळे त्याचाच चहा वाढला. दूध दिवस मावळल्यावर. बाकी भाकरी, शेंगदाणे, गूळ, मोड आलेली मटकी, अंडं. हे चतुराबाईचं खातं होतं आणि तिथं त्याला ढवळायची परवानगी नव्हती. दंडवाल्या माणसाच्या डब्यांत तिनं एकात मीठ भरलं, एकात हरभऱ्याचं बी. करंटची पावडर महारुद्रनं उकिरड्यात खोल पुरली. त्या उकिरड्यावरचा कोंबडा त्यानंतर सूर्याच्या आधी उगवायला लागला असं तो सांगतो. त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्यानं बघावं.

रक्त हळूहळू चढलं. झाडासारखंच. एका दिवसात काही दिसत नाही, रोज बघणाऱ्याला तर नाहीच. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तपासलं तेव्हा मॅडमनी कागद बघितला, पोरीकडं बघितलं, आणि नुसती शिट्टी वाजवली. "जा. पळ."

मैदानाच्या दिवशी परभणीत फाटकाबाहेर ही गर्दी. बाप, भाऊ, मामा, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाकडं हिरवं पाणी, कुणाकडं लाल. एक जण काचेची छोटी बाटली फोडून भाच्याच्या तोंडात ओतत होता. एका माणसानं महारुद्रला बाजूला घेतलं. "काका, पुडी हाय आपल्याकडं. जिभेखाली ठेवायची. चार पोरं काढली ह्याच पुडीनं."

एरवी महारुद्रनं आधी वास घेऊन बघितला असता. आज त्यानं हात मागं घेतले. "आमचं रान फवारून झालंय, मालक."

शिवकन्यानं पायाला वेळ मोजायची चिप बांधून घेतली. आत जाताना ती वळली.

"आबा, बाटलीत काय हाय आज?"

"पाणी."

"नुसतं?"

"कसम."

तिनं एक घोट घेतला आणि हसली. "बाटलीला अजून चॉकलेटचा वास हाय."

आत कुणालाच सोडत नव्हते. भिंत उंच होती. शिट्टी झाली तेव्हा महारुद्र भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागला. आत ती कुठं असेल याचा अंदाज बांधत, चाल वाढवत. पहिली फेरी व्हायच्या बेताला भिंत संपली आणि पुढं नाला लागला. मग तो उलटा वळला आणि तेवढंच अंतर पुन्हा चालला, आता जवळजवळ पळतच. चपलेचा अंगठा तुटला. लोक बघायला लागले. वळणाशी तो थांबला. पलीकडं इथंच ती चाचणीच्या दिवशी मातीत बसली होती. त्यानं भिंतीला कान लावला. आतून बुटांचा थबथब आवाज आला, बऱ्याच बुटांचा, त्यात तिचा कुठला हे कळेना. पण आवाज थांबला नाही. पुढं गेला.

ती बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती आणि ओठ लालभडक होते.

"किती जणी व्हत्या तुझ्यापुढं?"

"वळणापतुर दिसत व्हत्या," ती म्हणाली. "मग कुणी दिसलं न्हाई."

मुकादमाची गाडी आली आणि गेली. महारुद्र त्या साली टोळीत गेला नाही. त्यानं मुकादमाला सांगितलं, की कोयता मोडलाय. पेपर झाला, यादी लागली, आणि यादीत शिवकन्या होती.

गावात जो तो विचारायला लागला. योगीराज तर दुसऱ्याच दिवशी दारात. त्याची पोरगी निकिताही आता पळायला लागली होती.

"महारुद्र, लपवू नको. बाटलीत काय घातलंस?"

"पाणी."

योगीराज हसला. "शेळी रेल्वेत बसली म्हणालास, ते मी मानलं. गार्डाचा झेंडा मानला. आन आता पाणी?"

"अरे, खरंच पाणी! गोळी लिंबासंगं, दूध रातच्याला, मधी पल्ला. आन रक्त तपासून आण आधी पोरीचं."

"बरं बरं. नको सांगू." योगीराज रागानं निघून गेला आणि दुपारच्या गाडीनं परभणीला गेला.

पुढं एका पहाटे महारुद्र सवयीनं स्टेशनाच्या टोकाला आला. शिवकन्या ट्रेनिंगला गेली होती, तिथं त्याचं काही काम नव्हतं, तरी आला. धुक्यात योगीराज उभा होता. हातात नवी कोरी बाटली, आत काहीतरी दाट तपकिरी.

महारुद्र त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बाटली हिसकावून घ्यावी, ओतून द्यावी, असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं आधी दुसरंच विचारलं.

"कुठवर आली पोरगी?"

"आली की. त्ये बग, बाभळीपाशी. न्हाई, ते बैल हाय... थांब, आली, आली!" योगीराज टाचा उंचावून बघत होता. बाटली बगलेत आडवी झाली होती आणि ढिल्या झाकणातून तपकिरी पाणी त्याच्या धोतरावर ठिबकत होतं. त्याला पत्ता नव्हता.

महारुद्रनं ते बघितलं, ठिबकू दिलं, आणि तोही टाचा उंचावून बघायला लागला.